गदेची वाट वऱ्हाडातून : महाराष्ट्र केसरी स्पर्धेची वाटचाल

महाराष्ट्र केसरी किताबाला २०२१ साली साठ वर्षे पूर्ण झाली. हीरक महोत्सव थाटात व्हायचा होता. पण ते वर्ष कोरोनाचे होते. तालमींना कुलपे होती, हौदे कोरडे पडले होते आणि एकमेकांच्या मानेवर हात टाकणे हाच गुन्हा ठरला होता. राहून गेलेला तो महोत्सव अकोटच्या कुस्तीप्रेमींनी या स्मरणिकेच्या रूपाने उशिरा का होईना साजरा करायचे ठरवले, आणि स्पर्धेचा इतिहास लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. इतिहास सगळ्या राज्याचा आहे. लिहिणारा मात्र नरनाळ्याच्या पायथ्याचा आहे, त्यामुळे त्याची नजर मधूनमधून अमरावती, अकोला आणि खामगावकडे वळेल. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

किताबाच्या आधी

कुस्ती महाराष्ट्राला नवी नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधले, देशभरचे मल्ल पदरी ठेवले आणि गावोगावी तालमी उभ्या राहिल्या. वऱ्हाडातही हे वारे होते. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत सुरू केलेला आखाडा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अमरावतीहून बर्लिन गाठणाऱ्या माणसांच्या मुलखाला शरीरबळाचे महत्त्व कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागले नाही.

उणीव होती ती एका सूत्राची. जत्रेतली दंगल, पोळ्याची दंगल, नागपंचमीची दंगल असे सगळे होते. डफडे वाजायचे, नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची आणि दिवस कलता कलता शेवटची काटा जोड लागायची. पण सगळ्या मुलखातला मोठा मल्ल कोण, हे सांगायला फड नव्हता. अमक्याने तमक्याला पाडले आणि तमक्याने फलाण्याला, एवढ्यावर चावडीवर वाद चालत. त्यात वजनाचा हिशेब नव्हता आणि वेळेचाही नव्हता.

१९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, ही गोष्ट प्रत्येक तालमीत सांगितली जाते. ऑलिंपिक पदकाचा मल्ल वर्गणीवर जातो, म्हणजे मागे उभी राहणारी संस्था नाही, हे त्यातून उघड झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मामासाहेब मोहोळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन केली. मामासाहेब स्वतः मुळशीकडच्या मातीतले मल्ल होते. त्यांच्याबरोबर गावोगावचे वस्ताद, तालमींचे चालक आणि नोकरी सांभाळून पंचाचे काम करणारे कितीतरी लोक होते. त्या सगळ्यांची नावे या पानावर मावणार नाहीत, पण त्यांच्यावाचून परिषद दोन वर्षेही टिकली नसती.

एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. परिषदेच्या नावात ‘महाराष्ट्र राज्य’ आहे, पण १९५३ साली असे राज्य नकाशावर नव्हते. आमचा वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. पैलवानांनी राज्य सात वर्षे आधीच धरून ठेवले होते, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

साठचे दशक : फिरता फड

राज्य झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६१ साली, पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. स्थळ औरंगाबाद, विजेते दिनकर दह्यारी. पहिला मान पुण्याला किंवा कोल्हापूरला दिला असता तरी कोणी तक्रार केली नसती, कारण मल्ल तिथलेच होते. तरीही परिषदेचे अधिवेशन, ज्यात ही स्पर्धा होते, मराठवाड्यात गेले. दुसऱ्या वर्षी ते खानदेशात धुळ्याला भरले आणि भगवान मोरे केसरी झाले. स्पर्धा दरवर्षी नव्या गावी न्यायची, ही या संस्थेची सर्वांत शहाणपणाची रीत ठरली. तिने मल्लाला राज्य दाखवले आणि राज्याला मल्ल दाखवला.

१९६३ चे वर्ष केसरीविना गेले. १९६४ साली अधिवेशन अमरावतीला भरले.

कोल्हापूर-सांगलीकडचा मल्ल तेव्हा अमरावतीला यायचा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगायला हवे. दोन-तीन गाड्या बदलायच्या, बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून फाट्याच्या गाडीने अमरावती गाठायची. सोबत लंगोट, बदाम, तुपाचा डबा आणि वस्ताद. मुक्कामी दूध मिळेल की नाही याची काळजी कुस्तीपेक्षा मोठी. ती काळजी वऱ्हाडाने कधी कोणाला करू दिली नाही, असे जुने लोक अभिमानाने सांगतात. अमरावतीला गणपत खेडकर केसरी झाले आणि पुढच्या वर्षी नाशिकलाही त्यांनीच किताब राखला. लागोपाठ दोनदा केसरी होणारे ते पहिले मल्ल.

१९६६ साली दीनानाथ सिंह केसरी झाले. मूळचे बनारसकडचे, पण कोल्हापूरच्या मातीत मुरलेले. पुढे ते हिंद केसरीही झाले. या मातीत घाम गाळला तो इथला, एवढाच हिशेब तेव्हा होता, आणि तो बरा होता असे आमचे मत आहे.

१९६७ साली फड पुन्हा वऱ्हाडात, खामगावला आला. खामगाव कापसाचे गाव. जलंबहून रेल्वेचा छोटा फाटा गावात येतो तो कापसासाठीच. तिथे चंबा मुत्नाळ केसरी झाले आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापुरातही त्यांनी किताब सोडला नाही. १९६९ चे केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांनी लगेच १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. गावच्या फडातून निघालेली वाट परदेशापर्यंत जाते, हे त्या एका वर्षात सर्वांना दिसले.

सत्तरचे दशक : भरात आलेली कुस्ती

जुन्या जाणकारांना विचारा, ते या दहा वर्षांबद्दल बोलताना खुर्चीत सरसावून बसतात. १९७० आणि १९७१ चे केसरी दादू चौगुले. १९७४ मध्ये न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. १९७२ आणि १९७३ चे केसरी लक्ष्मण वडार. त्यांतला दुसरा किताब अकोल्यातला.

अकोल्याचे ते अधिवेशन झाले त्या वर्षी बहात्तरच्या दुष्काळाच्या झळा सरल्या नव्हत्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसे खिशातला पैसा मोजून तिकीट काढतील का, अशी शंका कोणालाही आली असती. पण कुस्ती ही वऱ्हाडी माणसाची चैन नाही, गरज आहे. अकोटवरून तेव्हा खंडवा-अकोला मीटरगेज धावायची. फड पाहायला तिने जायचे आणि रात्रीची गाडी चुकली तर अकोल्याच्या फलाटावर झोपायचे, यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

इथे एक नोंद करून ठेवतो. खेडकर, मुत्नाळ, चौगुले आणि वडार या चौघांनी पहिल्या तेरा वर्षांत लागोपाठ दोनदा किताब जिंकले. त्यांतल्या तिघांच्या जोडीतला एक किताब वऱ्हाडातला आहे : अमरावती, खामगाव, अकोला. त्यानंतर सलग दोनदा केसरी होण्याचा पराक्रम कोणाला करता आला, तर थेट २००७ आणि २००८ मध्ये चंद्रहार पाटील यांना. तोवर चौतीस वर्षे गेली होती. आमच्या मातीला हातगुण आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण बहुधा वेगळे आहे. सत्तरच्या दशकात तालमी वाढल्या, तोडीस तोड मल्ल तयार झाले आणि किताब राखणे मिळवण्यापेक्षा कठीण झाले.

१९७४ चे केसरी युवराज पाटील यांनी पुढे १९७६ साली खासबागेत दिल्लीच्या सत्पालला हरवले. १९७७ साली बिराजदार यांनी बेळगावात त्याच सत्पालला आस्मान दाखवले. केसरी किताबाचे वजन देशात किती झाले होते, हे या दोन कुस्त्यांवरून कळते. १९७५ साली अधिवेशन चंद्रपूरला होते, केसरी रघुनाथ पवार. १९७६ साली अकलूजला हिरामण बनकर. १९७७ चे वर्ष रिकामे गेले.

ऐंशीचे दशक : गदा

मामासाहेबांच्या पश्चात मोहोळ कुटुंबाने त्यांच्या स्मरणार्थ केसरीला चांदीची गदा देण्याचा पायंडा या दशकात पाडला. सागवानी लाकडावर चांदीचा पत्रा, एका बाजूला मारुतीराया आणि दुसऱ्या बाजूला मामासाहेब. तोपर्यंत लोक ‘किताब कोणाला?’ असे विचारत. मग ‘गदा कोणाकडे?’ असे विचारू लागले. नुसते बिरूद हातात धरता येत नाही. गदा खांद्यावर घेता येते आणि गावातून मिरवता येते. शाळकरी पोराला आपल्याला काय मिळवायचे आहे ते डोळ्यांनी दिसू लागले, हे या गदेचे खरे काम.

१९८० साली खोपोलीला इस्माईल शेख केसरी झाले. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीचे हे घर. पुढे १९९२ मध्ये आप्पालाल आणि २००२ मध्ये मुन्नालाल, असे त्यांचे दोन भाऊही केसरी झाले. एका घरात तीन केसरी. अशी दुसरी नोंद या स्पर्धेत नाही. पहाटे एकाने दुसऱ्याला उठवायचे, एकाने दुसऱ्याकडून जोर काढून घ्यायचे आणि खुराकाचे दूध तिघांत वाटून घ्यायचे, अशा घरांतूनच ही स्पर्धा चालते.

१९८१ आणि १९८७ साली नागपूरने अधिवेशने घेतली. बापू लोखंडे आणि तानाजी बनकर तिथे केसरी झाले.

नव्वदचे दशक : माती आणि गादी

१९८९ वर्धा, १९९० कोल्हापूर, १९९१ अमरावती. या तीन वर्षांच्या यादीत गावाचे नाव आहे, केसरीचे नाही. सत्तावीस वर्षांनी अमरावतीला परत आलेला फड गदा कोणाच्याही खांद्यावर न ठेवता उठला. त्याची कारणे जो तो आपापल्या परीने सांगतो. कार्यकर्त्यांत मतभेद कोणत्या संस्थेत होत नाहीत? ते इथे उगाळण्यात अर्थ नाही. सर्वांनी मिळून स्पर्धा पुन्हा मार्गाला लावली आणि १९९२ पासून गदा पुन्हा फिरू लागली, एवढे सांगणे पुरे.

या काळातला मोठा बदल हौद्यातला. पूर्वी लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू आणि कापूर घालून ती आठवडेच्या आठवडे मळली जायची. पाऊल रुतले पाहिजे पण अंग सोलले जाऊ नये, अशी तिची ठेवण असते. त्या मातीत कुस्ती निकाली व्हायची. पाठ टेकली की संपले, नाही टेकली तर अर्धा तासही चालायची. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुण, वजनगट आणि पंचाची शिट्टी. मातीतला मल्ल गादीवर गेला की पहिल्यांदा घसरतो. गादीवरचा मल्ल मातीत आला की दमतो. परिषदेने यावर काढलेली तोड सोपी आणि चांगली आहे. प्रत्येक वजनगटात माती आणि गादी असे दोन विभाग ठेवले. केसरी गटात, म्हणजे ८६ ते १२५ किलोत, मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांच्यात शेवटची लढत होते. ती जो जिंकेल तो केसरी. वाद घालणाऱ्यांचे तोंड यामुळे पूर्ण बंद झाले नाही, पण मातीही राहिली आणि ऑलिंपिकची वाटही उघडी राहिली.

१९९३ साली पुण्याच्या बालेवाडीत उदयराज जाधव, १९९४ साली अकोल्यात संजय पाटील आणि १९९५ साली नाशिकला शिवाजी केकान. अकोल्याने एकवीस वर्षांनी पुन्हा यजमानपद घेतले होते. तोवर फलाटावर झोपणाऱ्यांची पोरे मोटारसायकलवर येऊ लागली होती.

दोन हजारनंतर

नव्या शतकाची सुरुवात खामगावातून झाली. २००० साली तिथे विनोद चौगुले केसरी झाले, ते दादू चौगुलेंचे चिरंजीव. बापाच्या दुसऱ्या किताबाला एकोणतीस वर्षे झाली होती. बापलेकांची दुसरी जोडी बनकरांची : हिरामण १९७६ साली आणि विकी २००९ साली. यवतमाळने २००३ साली अधिवेशन घेतले, दत्तात्रय गायकवाड केसरी झाले. चंद्रहार पाटील यांच्या दोन किताबांचा उल्लेख वर आलाच आहे.

गेली पंधरा वर्षे

या काळाबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण वाचकांनी या कुस्त्या मोबाइलवर पाहिल्या आहेत. नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असे सलग तीनदा केसरी झाले, त्यांतला दुसरा किताब गोंदियात. लगेच पुढची तीन वर्षे विजय चौधरी. चौधरी चाळीसगावकडचे, म्हणजे आमच्या शेजारच्या खानदेशातले. गदा घाटमाथ्यावरून खाली उतरते, हे त्यांनी दाखवून दिले.

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात जे घडले ते वऱ्हाडाने नीट लक्षात ठेवायला हवे. बाला रफिक शेखने आदल्या वर्षीचा केसरी अभिजित कटके याला ११-३ असे हरवले आणि निवेदकाने नाव पुकारले ते ‘बुलडाण्याचा बाला रफिक’ असे. बाला मूळचा करमाळ्याकडचा. तो हिंद केसरी गणपत आंदळकरांच्या तालमीत घडला होता आणि आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते. तो खेळला मात्र बुलडाणा जिल्ह्याकडून. गदेवर वऱ्हाडातल्या जिल्ह्याचे नाव लागले. ते मातीने लागले की नोंदणीने, असे कोणी विचारले तर आम्ही खरे तेच सांगू. पण आनंद झाला होता, हेही खरे आहे.

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके भिडले. दोघेही काका पवार यांचे शिष्य. कुस्ती संपल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. गदेपेक्षा ते छायाचित्र जास्त घरांत पोचले.

मग कोरोना. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला चौसष्टावे अधिवेशन झाले आणि पृथ्वीराज पाटील केसरी झाले. (अधिवेशनाचा आकडा आणि केसरीची वर्षे जुळत नाहीत म्हणून कोणी गोंधळू नये. किताब १९६१ पासूनचा आहे, अधिवेशनांची मोजणी वेगळी चालते.) त्यानंतर संघटनेच्या कारभारात काही काळ दोन वाटा झाल्या. त्यात विदर्भाचा माणूसही पुढे होता : देवळीचे रामदास तडस, स्वतः विदर्भ केसरी राहिलेले. दोन्ही बाजूंना कुस्तीची कळकळ होती असे आम्ही मानतो आणि पुढे जातो. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेख आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाले. गदेबरोबर आता थार गाडी मिळते. नारळावर लढणाऱ्या पोरांना हे सांगितले की ती हसतात, पण दुसऱ्या दिवशी जोर जास्त मारतात.

मुलींचा उल्लेख केला नाही तर हा इतिहास अर्धाच राहील. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी पहिली महिला केसरी ठरली. २०२५ च्या जानेवारीत ही स्पर्धा विदर्भात, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला आली. तिथे अहिल्यानगरची भाग्यश्री फंड जिंकली. ज्या हौद्याच्या कठड्याजवळ बायांना फिरकू देत नसत, त्याच हौद्यात आता मुली शड्डू ठोकतात. आमच्या तालुक्यातल्या मुलींसाठी मात्र अजून वेगळी तालीम नाही.

वऱ्हाडाचा हिशेब

अमरावती दोनदा, अकोला दोनदा, खामगाव दोनदा आणि यवतमाळ एकदा. वऱ्हाडाने मैदान दिले, प्रेक्षक दिले, पाहुण्यांना दूध दिले, मंडप घालणारे आणि माती मळणारे हात दिले. गदा मात्र १९९१ वगळता दर वेळी पश्चिमेकडची गाडी धरून गेली. यात कोणावर रोष नाही. खुराकाचा खर्च, कायमचा वस्ताद आणि बारा महिने चालणारी तालीम या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे ती गेली. कोरडवाहू कापसाच्या घरातला पोरगा पेरणीच्या दिवसांत तालमीत येत नाही. तो आला तर बाप एकटा पडतो.

शेवटी एक विनंती. अमरावतीचे १९६४ चे, खामगावचे १९६७ चे आणि अकोल्याचे १९७३ चे अधिवेशन पाहिलेली माणसे आता मोजकी उरली आहेत. त्या फडांची छायाचित्रे, तिकिटे, हस्तपत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे किंवा नुसत्या आठवणी ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या स्मरणिका समितीकडे आणून द्याव्यात. मूळ वस्तू प्रत काढून त्याच दिवशी परत केली जाईल.